दुकानाच्या पेजचा पत्ता: मिळतो फुकट, बदलताना पडतो महाग

फेसबुकवरच्या पेजला स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यायला एक रुपयाही लागत नाही. इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, टेलिग्राम, इथेही साधे नाव घ्यायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे ‘तुमच्या नावाची लिंक काढून देतो, इतके इतके द्या’ असे कोणी म्हणाले, तर तो आपला मेहनताना मागतो आहे, नावाची किंमत नव्हे, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. मेहनताना द्यायला हरकत नाही, पण दहा मिनिटांच्या कामाचा असतो तेवढाच द्यावा. खरा खर्च पुढे येतो. घाईत घेतलेले नाव वर्षभराने बदलावे लागते तेव्हा येतो. नाव चांगले मिळाले, पण त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्याच हातात राहिला तेव्हा येतो. हे दोन्ही खर्च टाळता येतात.

हे सगळे जबलपूर डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हे शहर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. रेल्वे, १९०४ची गन कॅरिज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, सरकारी कचेऱ्या आणि कोर्ट यांच्या निमित्ताने आलेली मराठी घरे इथेच रुजली. त्या घरांतली आजची पिढी फराळाचे डबे भरते, ब्लाऊज शिवते, गाण्याचे वर्ग घेते, फिजिओथेरपीचे क्लिनिक चालवते आणि त्याचे पेज काढते. धंद्याचे नाव बहुधा मराठी असते, गिऱ्हाईक मात्र बहुतेक हिंदी बोलणारे. नाव निवडताना पहिली अडचण इथेच येते आणि बाहेरगावचा मार्गदर्शक ती सांगत नाही.

पत्ता म्हणजे नेमके काय

फेसबुकवर पेज उघडले की त्याला दोन गोष्टी असतात. एक पेजचे नाव, जे वर मोठ्या अक्षरांत दिसते. ते देवनागरीत ठेवता येते आणि खुशाल ठेवावे. दुसरे युजरनेम, म्हणजे ‘फेसबुक डॉट कॉम’ आणि तिरक्या रेघेनंतर येणारे शब्द. हे इंग्रजी अक्षरांतच घ्यावे लागते. ते घेतलेच नाही, तर त्या जागी ‘प्रोफाइल डॉट पीएचपी’ आणि पुढे चौदा-पंधरा आकडी क्रमांक दिसतो. असला पत्ता फोनवर सांगता येत नाही, पाटीवर लिहिता येत नाही आणि गिऱ्हाइकाला खोटाही वाटतो. फेसबुकचे युजरनेम असले की मेसेंजरची छोटी लिंकही आपोआप त्याच नावाची होते.

ही सोय फेसबुकने १३ जून २००९ रोजी उघडली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटली होती, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. त्या वेळी व्यवसायाच्या पेजला हजार चाहत्यांची अट होती. पुढे ती शंभरावर आणि मग पंचवीसवर आली. ‘पंचवीस लाइक झाल्याशिवाय नाव मिळत नाही’ असे अजून कोणी सांगते, ते त्या जुन्या नियमाच्या आठवणीतून. आता ती अट नाही. अगदी नव्या पेजला थोडे दिवस थांबावे लागू शकते, इतकेच. या मुद्द्यावरून कोणी ‘लाइक विकत घ्या’ म्हणाले तर सरळ नाही म्हणावे.

नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत आणि ते एकत्र पाहिले की निवड सोपी होते. फेसबुकला किमान पाच अक्षरे लागतात. अक्षरे, आकडे आणि टिंब चालते, अधोरेषा म्हणजे अंडरस्कोर चालत नाही. इन्स्टाग्रामला तीस अक्षरांपर्यंत, टिंब आणि अंडरस्कोर दोन्ही चालतात. यूट्यूबचे हँडल २०२२च्या ऑक्टोबरात आले. ते तीन ते तीस अक्षरांचे. टेलिग्रामला पाच ते बत्तीस. सगळ्यांत अरुंद एक्स: फक्त पंधरा अक्षरे, आणि टिंब चालत नाही. म्हणजे पाच ते पंधरा अक्षरांचे, टिंब नाही, अंडरस्कोर नाही, नुसती अक्षरे आणि फार तर आकडे, असे नाव घेतले की ते सगळीकडे बसते. आज एक्सवर काही टाकायचे नसले तरी मर्यादा तिथलीच धरावी. तीन ठिकाणी तीन वेगळी नावे असली की गिऱ्हाईक पहिल्या ठिकाणी सापडते आणि दुसऱ्या ठिकाणी हरवते.

टिंबाबद्दल एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. फेसबुक टिंब आणि लहान-मोठी अक्षरे मोजतच नाही. तुमचे नाव एकदा तुमचे झाले की मध्ये टिंब घालून दुसरा कोणी ते घेऊ शकत नाही. इन्स्टाग्राम मात्र टिंब आणि अंडरस्कोर मोजते. तिथे तुमच्याच नावात एक टिंब घालून, तुमचाच फोटो लावून कोणीही खाते उघडू शकते आणि दिवाळीच्या आठवड्यात ऑर्डरचे आगाऊ पैसे घेऊन नाहीसे होऊ शकते. म्हणून इन्स्टाग्रामवर मुख्य नावाबरोबर त्याचे एखादे जवळचे रूपही स्वतःकडे घेऊन ठेवावे आणि तिथे ‘आमचे खरे खाते हे’ एवढी एक ओळ लिहावी. यालाही खर्च शून्य.

नावाची परीक्षा फोनवर घ्या

समजा, राइट टाउनमधल्या एका घराला चिवड्याचा धंदा करायचा आहे. मराठी माणूस चिवडा इंग्रजीत कसा लिहील? कोणी व्ही घालेल, कोणी डब्ल्यू. कोणी ‘व’ आणि ‘ड’ यांच्या मध्ये ए टाकेल, कोणी टाकणार नाही. एवढ्यातच चार स्पेलिंगे झाली. हिंदी बोलणारे काही जण पहिल्या अक्षराला ‘चे’ करतील आणि आणखी चार वाढतील. तुम्ही यांतले एक घेतले, तर उरलेली सात स्पेलिंगे टाइप करणारे तुमच्यापर्यंत पोचतील की नाही, हे शोधयंत्राच्या मर्जीवर. ‘ळ’ असलेल्या शब्दांचे याहून अवघड. पोळी, तिळगूळ, आवळा हे शब्द हिंदी कानाला ‘ल’ किंवा ‘ड’ असे ऐकू येतात आणि तसेच लिहिले जातात. ‘फराळ’ तर आणखी वेगळी फसगत करतो. दिवाळीच्या डब्याऐवजी उपवासाचे फरियाली पदार्थ हिंदी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे येतात.

यावर उपाय म्हणजे परीक्षा. तीन-चार नावे काढा. मराठी न येणाऱ्या पाच ओळखीच्यांना फोन करा आणि नाव एकदाच, नेहमीच्या वेगात सांगा. स्पेलिंग सांगू नका. त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे. पाचांपैकी चौघांचे सारखे आले तर नाव चालेल. दोघांनी वेगळे लिहिले तर ते नाव कितीही आवडीचे असो, सोडा. आजीच्या नावाने धंदा काढायची इच्छा असते आणि ती समजते; पण त्या नावात दीर्घ स्वर आणि ‘ज्ञ’ असला, तर ते पेजच्या देवनागरी नावात ठेवा आणि पत्त्यात दुसरे सोपे काही घ्या. दोन्ही गोष्टी एकाच पेजवर सुखाने नांदतात.

गावाचे नाव जोडायचे का? बहुतेक वेळा जोडावेच लागते, कारण नुसते ‘जोशी’ किंवा ‘अन्नपूर्णा’ कधीच गेलेले असते. पण अख्खे ‘जबलपूर’ इंग्रजीत आठ अक्षरे खाते. पंधरातली निम्मी गेली. जुन्या इंग्रजी कागदपत्रांतले डबल बी असलेले स्पेलिंग दिसायला देखणे असले तरी ते टाइप करणारे आज सापडणार नाहीत. रेल्वेचा जेबीपी हा कोड मात्र तिकिटावरून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तीनच अक्षरे, स्पेलिंगची भानगड नाही. विमानतळाचा जेएलआर टाळावा. तो गावात कोणाला फारसा आठवत नाही आणि शोधात टाकला की जॅग्वार लँड रोव्हरच्या मोटारी येतात. तरुण मंडळी गाडीच्या नंबरवरून एमपी२० जोडतात; टी-शर्ट किंवा कॅफेला ते शोभते, दंतवैद्याला नाही. ‘जोशीफराळ’ला जेबीपी जोडले तर इंग्रजी तेरा अक्षरे होतात, पंधरात बसतात. अर्थात आधी फराळाने फोनवरची परीक्षा पार करायला हवी.

मोहल्ल्याचे नाव घेताना जास्त सावध राहा. आपल्याकडचे गोरखपूर म्हणजे बाजार. देशाला माहीत असलेले गोरखपूर उत्तर प्रदेशात आहे. ‘अमुकगोरखपूर’ असा पत्ता घेतला की चौकशा तिकडच्या येतील आणि इकडचे गिऱ्हाईक तिकडची दुकाने बघत बसेल. सदर नागपुरातही आहे, गोलबाजार रायपुरातही आहे, विजयनगर इंदूरमध्येही आहे. राइट टाउन आणि नेपियर टाउन ही नावे वेगळी आहेत खरी, पण उद्या दुकान अधारतालला हलले तर? भाड्याच्या जागेतल्या धंद्याने पत्त्यात मोहल्ला घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भेडाघाटचे संगमरवरी मूर्तिकार याला अपवाद. त्यांच्या मालाची ओळखच त्या जागेशी बांधलेली आहे, तिथल्या दगडी शिल्पांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यांनी ‘भेडाघाट’ जरूर घ्यावे. तरी त्याचेही स्पेलिंग एच किती आणि कुठे यावर अडते, म्हणून फोनची परीक्षा त्यांनाही.

आणखी दोन गोष्टी टाळाव्यात. मोबाइल नंबर किंवा सुरू केल्याचे वर्ष पत्त्यात घालू नये. आणि एकाच पदार्थाचे नाव घेऊन स्वतःला बांधून घेऊ नये. आज चिवडा विकणारी बाई पुढच्या गणपतीला मोदक विकणार असते.

नाव शिल्लक आहे का हे पाहताना नुसते शोधून ‘सापडत नाही’ म्हणून थांबू नये. बंद पडलेल्या किंवा कारवाई झालेल्या खात्याचे नाव दिसत नाही, पण मिळतही नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन युजरनेमच्या चौकटीत टाइप केल्यावर हिरवी खूण येते की नाही, तीच खरी परीक्षा. सगळी ठिकाणे एकाच बैठकीत तपासा आणि सगळीकडे मिळते आहे असे दिसले की त्याच बैठकीत घेऊन टाका. निम्मी आज आणि निम्मी पुढच्या रविवारी, असे करू नका.

स्वतःचे डोमेन: इथे पैसे जरूर खर्च करा

फेसबुकचे युजरनेम वापरायला तुमचे, मालकीने त्यांचे. नियम मोडला असे त्यांना वाटले तर ते काढूनही घेतात. म्हणून पाटीवर, पिशवीवर, बिलावर छापायचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा असावा आणि तो उघडल्यावर माणूस आपोआप पेजवर जावा. याला डोमेन फॉरवर्डिंग म्हणतात. बहुतेक कंपन्या ही सोय डोमेनबरोबर मोफत देतात. वेबसाइट बनवण्याची गरज नाही. आज फेसबुककडे वळवलेला पत्ता उद्या इन्स्टाग्रामकडे, परवा स्वतःच्या वेबसाइटकडे वळवता येतो आणि छापील काहीही बदलावे लागत नाही. या संपूर्ण खर्चातला सर्वांत फायद्याचा पैसा हाच, असे मला वाटते.

‘डॉट इन’ची व्यवस्था २००५पासून निक्सी ही भारतातली संस्था पाहते, विक्री वेगवेगळ्या कंपन्या करतात. डॉट इन साधारण सहाशे ते हजार रुपये वर्षाला, डॉट कॉम हजार ते दीड हजार, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीत ‘₹९९ मध्ये डोमेन’ दिसते, ते पहिल्या वर्षाचे. तुम्हाला दर वर्षी भरायचा आहे तो नूतनीकरणाचा दर, आणि तो बारीक अक्षरांत असतो, तोच विचारा. पैसे भरताना टोपलीत आपोआप पडलेली ईमेलची योजना, ‘सुरक्षा कवच’, वेबसाइट बिल्डर वगैरे काढून टाका. डोमेन नोंदवताना मालक म्हणून तुमचे नाव, तुमचा ईमेल. डिझायनरचा नाही, भाच्याचाही नाही.

२०१४च्या ऑगस्टपासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते आणि ते मराठीलाही चालते. भाषेवरच्या प्रेमाने ते घ्यावे असे मनापासून वाटते आणि घ्यायला हरकत नाही. पण जोडीला घ्यावे. काउंटरसमोर उभा असलेला माणूस फोनचा कीबोर्ड बदलून देवनागरीत पत्ता टाइप करील, यावर विसंबून राहता येत नाही.

क्यूआर कोडबद्दल इथेच सांगतो. व्हॉट्सॲप बिझनेस, इन्स्टाग्राम यांच्या ॲपमध्ये क्यूआर मोफत मिळतो. बाहेर ‘डायनॅमिक क्यूआर’ महिन्याच्या वर्गणीवर विकला जातो. वर्गणी थांबली की तुमच्या पाटीवरचा कोड मुका होतो. त्याऐवजी स्वतःच्या डोमेनचा साधा क्यूआर काढा. तो फुकट निघतो, त्याला मुदत नसते, आणि मागे काय उघडायचे ते तुम्ही फॉरवर्डिंगमधून बदलता.

छपाईचा हिशेब

पत्ता बदलण्याची किंमत छापखान्यात कळते. साधा फ्लेक्स चौरस फुटाला दहा-वीस रुपयांत होतो. दहा बाय तीन फुटांची पाटी म्हणजे तीस चौरस फूट, सहाशेच्या आत काम होते. तो पुन्हा छापणे फारसे जड नाही. पण एसीपी म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलच्या पत्र्यावर उठावाची अक्षरे आणि आतून दिवे असा बोर्ड चौरस फुटाला शेकड्यांत जातो. चारशेचा भाव धरला तरी त्याच मापाचे बारा हजार झाले. अशा बोर्डावर दुकानाचे नाव आणि फोन ठेवा. सोशल मीडियाचे पत्ते खाली वेगळ्या विनाइलच्या पट्टीवर लावा, ती काही शे रुपयांत सोलून बदलता येते.

खाण्याच्या पदार्थांच्या छापील पाऊचचे गणित सगळ्यांत कठीण. मोठ्या संख्येच्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात आणि प्रत्येक सिलिंडरचे हजारो रुपये लागतात. पत्त्याची ओळ तीन रंगांत सजवली असेल, तर एक अक्षर बदलायला तीन सिलिंडर. ती ओळ एकाच रंगात, शक्यतो काळ्यात ठेवायला डिझायनरला सांगा. मग बदलायचा सिलिंडर एकच राहतो. नवा धंदा असेल तर छापील पाऊच काढूच नये. साधे पाऊच आणि वर स्टिकर. सहा महिने नाव बाजारात टिकले, लोकांना बरोबर लिहिता आले, की मग सिलिंडर.

नाव बदलण्याची वेळ आलीच तर इन्स्टाग्राम जुने नाव साधारण १४ दिवस तुमच्यासाठी राखून ठेवते. यूट्यूबही तसेच करते. त्यानंतर ते दुसऱ्याला मिळू शकते. जुन्या लिंकवर आलेले गिऱ्हाईक मग रिकाम्या पानावर पोचते किंवा परक्याच्या खात्यावर. म्हणून बदल नेहमी धंद्याच्या मंद दिवसांत करावा. नवरात्र ते दिवाळी या काळात कधीही नाही.

ट्रेडमार्क कोणी घ्यावा

युजरनेम मिळाले म्हणजे नावावर कायदेशीर हक्क आला, असे नाही. तो ट्रेडमार्कने येतो. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ₹४,५००. मोठ्या कंपनीला ₹९,०००. कागदी अर्ज केला तर ₹५,००० आणि ₹१०,०००. नोंदणी दहा वर्षे चालते, मग नूतनीकरण. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. तिचे पैसे मागणारी खासगी पाने हुबेहूब सरकारी दिसतात, तिकडे जाऊ नये.

वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. मसाले, मिठाई, फरसाण बहुतांशी ३०मध्ये, कपडे २५मध्ये, उपाहारगृह ४३मध्ये, दगडाच्या मूर्ती १९मध्ये. प्रत्येक वर्गाची फी वेगळी, म्हणून ‘पाच वर्गांत टाकून देऊ’ म्हणणाऱ्या एजंटला आपण खरोखर काय विकतो ते आधी सांगावे. मध्य प्रदेश मुंबईच्या ट्रेडमार्क कचेरीच्या कक्षेत येतो, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. मुंबईचा एजंट धरण्याची गरज नाही. एजंट धरलाच तर त्याची फी आणि सरकारी फी बिलावर वेगवेगळी दाखवायला सांगा. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्गात तसेच नाव आहे का, हा शोध सरकारी संकेतस्थळावर मोफत घेता येतो. हा शोध युजरनेम ठरवण्याआधी घ्यावा. नाहीतर दोन वर्षे वाढवलेले नाव दुसऱ्याचा नोंदलेला ट्रेडमार्क निघते आणि एका नोटिशीने पेज उतरते.

आडनावाबद्दल: स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायदा १९९९चे ३५वे कलम संरक्षण देते. म्हणजे तुम्ही ‘देशपांडे’ नोंदवायला गेलात तरी दुसऱ्या देशपांड्यांना अडवणे कठीण. नुसत्या आडनावाला मुळात नोंदणी मिळणेही सोपे नाही. आडनावाला एखादा वेगळा, स्वतःचा शब्द जोडलेला बरा. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लिहिता येते. वर्तुळातला आर मात्र नोंदणी पूर्ण होईपर्यंत लावू नये, तो गुन्हा आहे. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात, त्यामुळे वेळ लागतो.

महिन्याला वीस डबे विकणाऱ्याने लगेच ट्रेडमार्क घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण पाऊच छापण्याची वेळ आली की त्या सिलिंडरच्या आधी हा खर्च करावा. पुढे तुमच्या नावाने कोणी खोटे खाते उघडले, तर नोंदणी क्रमांक देऊन तक्रार करण्याचा मार्ग फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आहे आणि तो विनाशुल्क आहे. क्रमांक नसला की तीच तक्रार लंगडी पडते. डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केले आहे. त्यामुळे डोमेन कधी घेतले, वापर कधी सुरू केला, याची बिले आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

सगळे मिळून पहिल्या वर्षाचे: डॉट इन ₹८०० धरले तर जीएसटीसह ₹९४४, ट्रेडमार्क एका वर्गाचा ₹४,५००, बेरीज ₹५,४४४. युजरनेम, क्यूआर, उद्यम, व्हॉट्सॲप बिझनेस यांचे शून्य. निळ्या खुणेची मासिक वर्गणी मी यात धरलेली नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने २०२३च्या जूनमध्ये भारतात ती व्यक्तींसाठी महिना ₹६९९ने सुरू केली आणि पुढे व्यवसायांसाठीही आणली. तिने हवे ते नाव मिळत नाही. घेतलेल्या नावाला खूण मिळते. गावातल्या गावात विकणाऱ्याला त्या पैशांत वर्षभराचे स्टिकर छापता येतात.

पासवर्ड कोणाकडे

पेज काढून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून काढले आणि तुम्हाला नुसती पोस्ट टाकायची परवानगी दिली, तर पत्ता तुमच्या नावाचा असला तरी पेज त्याचे आहे. व्यवहार बिनसला की ते परत मिळवण्यात महिने जातात. म्हणून पेज मालकाच्या स्वतःच्या खात्यातून उघडावे. पूर्ण नियंत्रण मालकाकडे आणि घरातल्या आणखी एका भरवशाच्या माणसाकडे. कामाच्या माणसाला हवे तेवढेच अधिकार द्यावेत, काम संपले की काढावेत. मेटाचा बिझनेस पोर्टफोलिओ यासाठीच आहे आणि मोफत आहे.

खाते ज्या मोबाइल नंबरवर आहे, तो नंबर मालकाच्या नावावर हवा आणि चालू हवा. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. दुहेरी पडताळणी चालू करा आणि तिचे राखीव कोड कागदावर उतरवून गुमास्ता परवान्याच्या फाइलमध्ये ठेवा. या खात्यांना जोडलेला ईमेल तुमच्याच डोमेनचा ठेवू नका. डोमेनचे नूतनीकरण चुकले तर ईमेलही बंद पडतो आणि दोन्ही दारे एकाच वेळी लागतात.

एजन्सीला काम देताना कागदावर चार ओळी असाव्यात: पेज, डोमेन आणि सगळी युजरनेम मालकाची, पासवर्ड काम संपताच हवाली, डोमेनचा नूतनीकरणाचा दर इतका, डिझाइनच्या मूळ फायली मालकाला मिळतील. बिल जीएसटीचे घ्या. ‘नाव दुसऱ्याकडे आहे, पन्नास हजारांत मिळवून देतो’ असे कोणी सांगितले तर तो सौदा करू नये. युजरनेमची खरेदी-विक्री फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या नियमांत बसत नाही. पैसे गेल्यावर नावही काढून घेतले जाऊ शकते. नाव बदलून पुढे जाणे स्वस्त पडते.

‘तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत या लिंकवर लॉगिन करा’ असा मेसेज नवे युजरनेम घेतल्यावर हमखास येतो. तो मेसेंजरवर आला असेल तर खोटाच समजा. खऱ्या सूचना पेजच्या सेटिंग्जमध्ये दिसतात. फसवणुकीत पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत बँकेला रक्कम रोखता येण्याची शक्यता जास्त. खोटे खाते काढण्याची तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने फेटाळली, तर तीस दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्याला फी नाही.

एजन्सीने पैसे घेऊन काम केले नाही किंवा पासवर्ड अडवले, तर आधी लेखी नोटीस आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही आणि अर्ज ई-जागृती संकेतस्थळावरून करता येतो. व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेत ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा बचाव समोरचा घेतो. पण स्वतः राबून पोटापुरता धंदा करणाऱ्याला २०१९चा कायदा ग्राहक मानतो. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हा व्यवसाय तुमच्या उपजीविकेचा आहे आणि तुम्ही स्वतः चालवता, हे स्पष्ट लिहा. सोबत बिल, करार आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे तारखेनुसार लावून जोडा.